घरात लहान मूल असताना पहिले लाकडी स्टूल हाताने कसे करावे

लाकूडकाम शिकू पाहणाऱ्याला सहसा आधी सांगितले जाते की कोणती हत्यारे घ्यावीत. ज्या घरात दोन-तीन वर्षांचे मूल वावरते, तिथे त्याआधी दुसराच प्रश्न सोडवावा लागतो: मूल झोपेतून उठून हाक मारेल, तेव्हा हातातले काम किती वेळात सोडता येईल? माझ्या मते हा वेळ एका मिनिटाहून जास्त नसावा, आणि त्या मिनिटात हातातले धारदार हत्यार कुलपात गेलेले असावे. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या हा एकच निकष लावून ठरवल्या आहेत. त्यामुळे काही ठिकाणी सुतारकामाच्या दृष्टीने अधिक झटपट असलेली पद्धत मी मुद्दाम बाजूला ठेवली आहे.

पहिली वस्तू म्हणून मी चार फळ्यांचे बसके स्टूल सुचवते. वरची एक बैठक, दोन बाजूंना दोन उभ्या फळ्या आणि त्या दोघींना जोडणारी, बैठकीखालून जाणारी एक आडवी पट्टी, एवढेच त्याचे भाग. मुलाला त्यावर बसून चित्रे काढता येतात, उभे राहून बेसिनला हात पुरवता येतो आणि मोठ्या माणसालाही देवघरासमोर टेकायला ते उपयोगी पडते. पायांना तिरपा कोन द्यायचा नसल्याने नवख्याचे हिशेब चुकत नाहीत. एखादी फळी बिघडलीच तर तेवढीच नव्याने कापता येते.

जागा आणि कुलूप

आपल्याकडचे सुतार परंपरेने जमिनीवर बसून, पायाने लाकूड दाबून काम करतात. ती पद्धत अतिशय कार्यक्षम आहे, पण जमीन ही लहान मुलाचीच जागा असते. म्हणून फ्लॅटमध्ये काम करणाऱ्याने कमरेइतक्या उंचीचे, न डगमगणारे एखादे जुने टेबल गॅलरीत किंवा दार लावता येईल अशा खोलीत ठेवावे. टेबलाच्या पायांखाली जुन्या गोधडीची घडी घातली की ठोकण्याचा आवाज खालच्या मजल्यावर आणि झोपलेल्या मुलापर्यंत पुष्कळ कमी पोहोचतो.

हत्यारांसाठी कडीकुलूप लागणारी पत्र्याची ट्रंक घ्यावी आणि ‘ट्रंकेबाहेर एका वेळी एकच धारदार हत्यार’ हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटत असे. एके दुपारी मी पटाशी, म्हणजे लाकूड तासायचे सपाट पात्याचे धारदार हत्यार, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भिंतीकडे सरकवून, एका पंच्यावर ठेवली आणि फोन घ्यायला गेले. मुलीचा हात ओट्यावर पोहोचत नव्हता, पण खाली लोंबणाऱ्या पंच्याच्या टोकापर्यंत पोहोचत होता. पटाशी तिच्या पावलापासून वीतभर अंतरावर पडली. फरशीचा उडालेला टवका मी अजून बुजवलेला नाही. उंचावर ठेवलेली वस्तू सुरक्षित असते असे आपण धरून चालतो, पण मूल ती वस्तू ओढत नाही, तिच्याखालचे कापड ओढते.

छोट्या वस्तूंचीही तितकीच काळजी घ्यावी लागते. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांसाठी गुदमरण्याची जी चाचणी वापरतात, तिच्यातील नळीचा व्यास सुमारे ३२ मिलिमीटर असतो आणि त्या नळीत पूर्ण मावणारी वस्तू धोक्याची समजली जाते. दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, यावरून अंदाज यावा. स्क्रू, लाकडाचे कापलेले तुकडे, पेन्सिलीचे टोक हे सगळे या मापात बसते. स्क्रू मोजून काढावेत आणि काम थांबवताना मोजूनच डबीत टाकावेत.

हत्यारे फारशी लागत नाहीत. बारीक दात्यांची करवत, लाकूड तासून सपाट करायला छोटा रंधा, अर्धा किंवा पाऊण इंची पटाशी, काटकोन तपासायला गुण्या, मोजायची टेप, लाकूड दाबून धरायला चार सी-क्लॅम्प, कानस, हातोडी, धार लावायचा दगड आणि एक ड्रिल मशीन एवढ्यावर हे स्टूल पूर्ण होते. विजेवर चालणारी गोल करवत आणि ग्राइंडर मी या यादीत घेतलेले नाहीत. त्यांच्या आवाजाने मूल उठते, काम करणाऱ्याला मुलाची चाहूल लागत नाही आणि बटण बंद केल्यावरही पाते काही क्षण फिरतच राहते. धार मात्र उत्तम हवी, कारण बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावलेला हातच घसरतो.

लाकूड निवडणे

वखारीत लाकडाचा भाव घनफुटावर असतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत घेऊन तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला १४४ ने भागावे. आपल्याला चार फूट लांब, नऊ इंच रुंद, एक इंच जाड अशी एक फळी पुरते. म्हणजे ४ × ९ × १ = ३६, भागिले १४४, अर्थात पाव घनफूट. एवढ्या थोड्या मालासाठी जाताना संकोच वाटतो, पण पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटसारख्या ठिकाणी मोठ्या कामांतून उरलेले आखूड तुकडे बाजूला ठेवलेले असतात आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात. फळी तिथेच मशिनवर दोन्ही बाजूंनी रंधून घ्यावी, म्हणजे बहुतेक धूळ वखारीतच राहते. रंधल्यावर एक इंची फळी साधारण सात सूत उरते. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. वखारवाले आणि सुतार सगळे याच मापात बोलतात, तेव्हा ते अंगवळणी पाडून घ्यावे.

पहिल्या कामासाठी सागवान महाग असले तरी मी तेच सुचवते. ते पावसाळ्यात कमी फुगते, हत्याराला शहाण्यासारखे वागते आणि त्याच्या गाभ्याला कीड सहसा लागत नाही. मात्र फळीच्या कडेला फिकट, पांढुरका पट्टा दिसला तर तो गाभा नव्हे. तो भाग टोकरला जातो, म्हणून तो कापून टाकता येईल अशीच फळी निवडावी. आंब्याचे लाकूड स्वस्त पडते, पण त्याला कीड लवकर लागते आणि प्रक्रिया केलेले आहे की नाही हे नवख्याला ओळखता येत नाही.

दोन प्रकारचे फुकटचे लाकूड मुलांच्या घरात आणू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले म्हणजे जुन्या वाड्यांची, चाळींची रंगवलेली दारे-खिडक्या. आतला सागवान उत्तम असतो, पण जुन्या रंगात शिसे असू शकते आणि घासताना त्याची धूळ उडते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला शिसे अगदी थोड्या प्रमाणातही अपाय करते. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) ठरवणारा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग असलेले लाकूड घरात खरवडू नये आणि माळ्यावर पडून असलेला जुना रंगाचा डबाही वापरू नये. दुसरे म्हणजे परदेशी मालासोबत येणाऱ्या खोक्यांचे आणि पॅलेटचे पाइन. त्यावर गव्हाच्या लोंबीसारखे चित्र असलेला शिक्का असतो आणि शेजारी रोमन लिपीत दोन अक्षरे असतात. ‘एच टी’ म्हणजे लाकूड नुसते तापवलेले आहे, तर ‘एम बी’ म्हणजे त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. शिक्का ‘एम बी’चा असेल किंवा अजिबात नसेल, तर ते लाकूड सोडून द्यावे.

माप मुलाचे घ्यावे

मुलाला पाठ सरळ ठेवून बसवावे आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचे अंतर मोजावे. तीच स्टूलाची उंची. मूल वाढणार म्हणून दोन-तीन इंच जास्त उंची देण्याचा मोह टाळावा, कारण पाय अधांतरी राहिले की मूल पुढे सरकून बसते आणि पडते. फार तर अर्धा इंच वाढवावा. समजा नऊ इंच उंची हवी आहे. बैठकीची जाडी सात सूत आणि बाजूची फळी बैठकीत दोन सूत रुतणार, म्हणजे बैठकीमुळे उंची पाच सुतांनी वाढते. म्हणून बाजूच्या फळ्यांची लांबी आठ इंच तीन सूत धरावी. बैठक चौदा इंच लांब, रुंदी फळीचीच नऊ इंच. बाजूच्या फळ्या बैठकीच्या टोकांपासून एकेक इंच आत येतील. याहून आत घेऊ नयेत, कारण टोकावर उभे राहणाऱ्या मुलाच्या वजनाने स्टूल कलंडते. आडव्या पट्टीची रुंदी तीन इंच आणि लांबी हिशेबाने दहा इंच दोन सूत येते, पण ती आत्ता कापू नये. बाजूच्या फळ्या बैठकीत बसवून पाहिल्यावर प्रत्यक्ष अंतर मोजूनच कापावी.

फळीवर खुणा करताना लाकडाच्या अंगच्या रेषांची दिशा पाहणे फार महत्त्वाचे आहे. बैठकीत रेषा लांबीच्या दिशेने आणि बाजूंच्या फळ्यांत उभ्या असाव्यात. लाकूड रेषांच्या लांबीत जवळपास बदलत नाही, आडव्या दिशेने मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वर सांगितल्याप्रमाणे फळ्या लावल्या तर बैठक आणि बाजू दोन्ही एकाच दिशेने, सारख्याच प्रमाणात फुगतात आणि फळी तडकत नाही.

कापणे

मुलाची दुपारची झोप दीड तासाची असली तरी कामाची बैठक चाळीस मिनिटांचीच धरावी आणि तिच्यातली शेवटची दहा मिनिटे आवरण्यासाठी राखून ठेवावीत. एका बैठकीत दोनच काप घेतले तरी चालतात. फळी टेबलाला दोन क्लॅम्पनी घट्ट बांधावी, गुण्याने चारही अंगांना पेन्सिलीची रेघ फिरवावी आणि करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवावी, म्हणजे रेघ लाकडावर शिल्लक राहते. शेवटचा अर्धा इंच कापताना वेग कमी करावा आणि पडणारा तुकडा डाव्या हाताने धरावा, नाहीतर खालची कड चिरफळते. मधेच हाक आली तर करवत बाहेर काढून ट्रंकेत टाकावी. अर्धा झालेला काप आठवडाभर तसाच राहिला तरी त्याचे काही बिघडत नाही.

बाजूच्या फळ्यांच्या खालच्या कडेला मधोमध पाच इंच लांब आणि एक इंच उंच कमान काढावी. त्यामुळे स्टूल चार टोकांवर टेकते आणि किंचित उंचसखल फरशीवरही डुलत नाही. कमानीच्या रेघेपर्यंत अर्ध्या-अर्ध्या इंचावर करवतीचे उभे काप घ्यावेत, मधले तुकडे पटाशीने उडवावेत आणि मग कानशीने गोलाई सारखी करावी. हे तुकडे नेमके मुलाच्या तोंडात मावतील असे असतात, ते लगेच गोळा करावेत.

खाच

सगळ्यात जास्त वेळ आणि लक्ष या पायरीला द्यावे. बैठकीच्या खालच्या अंगाला, दोन्ही टोकांपासून एकेक इंच सोडून, बाजूची फळी घट्ट बसेल एवढ्या रुंदीची आणि दोन सूत खोल खाच आडवी काढायची असते. रुंदी टेपने न मोजता बाजूची फळीच उभी ठेवून तिच्या दोन्ही अंगांना धारदार पेन्सिलीने रेघ मारावी. मग दोन्ही रेघांच्या आतल्या बाजूने करवतीने दोन सूत खोल काप घ्यावेत. करवतीच्या पात्यावर दोन सुतांच्या अंतरावर चिकटपट्टी लावली की किती खोल गेलो ते कळते. मधला भाग पटाशीने काढायचा, तो एकदम खोल न जाता पातळ थरांनी, आधी एका कडेकडून मध्यापर्यंत आणि मग दुसऱ्या कडेकडून मध्यापर्यंत. एकाच दिशेने पटाशी आरपार नेली तर पलीकडची कड तुटून येते.

डावा हात सतत पटाशीच्या मागे असावा, तिच्या तोंडासमोर कधीही नसावा. पटाशी चालवताना मूल त्या खोलीत नसावे, मग ते कितीही शहाणे असो आणि कितीही लांब बसलेले असो. घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना सांगावे, ‘आई, अर्धा तास हिला बघाल का? मी आतून कडी लावून घेते.’ असे स्पष्ट सांगणे बरे, कारण ‘जरा लक्ष ठेवा’ म्हटले की मूल दारात येऊन उभे राहते.

फळी खाचेत तळहाताने दाबून बसली पाहिजे. हातोडी मारावी लागली तर खाच अरुंद आहे, आपोआप आत पडली तर रुंद आहे. अरुंद असल्यास खाच न वाढवता फळीच्या टोकाला रंध्याचा एक पातळ हात मारावा. रुंद झाली तर निराश होऊ नये. रंध्यातून निघालेले पातळ सालपट सरस (लाकूड चिकटवायचा गोंद) लावून फटीत बसवले की सांधा पुन्हा घट्ट होतो आणि तो बैठकीखाली असल्याने दिसतही नाही.

कडा आणि कुसळे

जोडणीआधी प्रत्येक तुकडा गुळगुळीत करावा, कारण नंतर कोपऱ्यांत हात जात नाही. इथे नवखी माणसे थेट पॉलिश पेपर घेतात. मी आधी रंधा घेते, त्याचे कारण आरोग्याचे आहे. रंध्याने सालपटे निघतात, ती जड असतात आणि खाली पडतात. पॉलिश पेपरने बारीक भुकटी उडते, ती हवेत तरंगते आणि श्वासात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. म्हणून रंध्याने होईल तेवढे काम रंध्यानेच करावे आणि राहिलेल्या भागावर १२० आणि मग २२० नंबरचा पेपर गॅलरीत, एन-९५ मास्क लावून, रेषांच्या दिशेने फिरवावा. नंतर झाडू मारू नये. ओल्या फडक्याने पुसून घ्यावे आणि मुलाला उचलण्याआधी अंगावरचा सदरा बदलावा.

सगळ्या उघड्या कडा आणि कोपरे जुन्या एक रुपयाच्या नाण्याच्या कडेइतके गोल करावेत. त्यानंतर बोटाने तपासून भागत नाही, कारण आपल्या हाताला घट्टे असतात आणि मुलाच्या हाताला नसतात. कापसाचा बोळा घेऊन तो प्रत्येक कडेवरून हळूच ओढावा. जिथे कापसाचा तंतू अडकून राहील, तिथे कुसळ आहे. बैठकीच्या खालच्या कडाही अशाच तपासाव्यात. स्टूल उचलताना मूल तिथेच बोटे घालते आणि आपण नेमके तेवढेच घासायचे विसरतो.

जोडणी

आतापर्यंतची प्रत्येक पायरी मधेच सोडता येत होती, ही येत नाही. फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस उन्हाळ्यात पाच-सात मिनिटांत ओढू लागतो आणि त्या वेळात सगळे तुकडे जागेवर, काटकोनात आणि क्लॅम्पखाली असावे लागतात. म्हणून जोडणी रात्री, मूल गाढ झोपल्यावर आणि घरात दुसरे मोठे माणूस जागे असतानाच करावी. त्याआधी सरस न लावता एकदा संपूर्ण जोडणी करून पाहावी आणि क्लॅम्प कुठे लागतील हे ठरवून ते उघडून हाताशी ठेवावेत.

भोके दिवसाच पाडून घ्यावीत, कारण रात्री दहानंतर ड्रिल चालवणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे. प्रत्येक खाचेवर बैठकीच्या वरून तीन आणि आडव्या पट्टीसाठी मध्यावर दोन स्क्रू येतात. बाजूच्या फळ्यांतून पट्टीच्या टोकांत दोन-दोन स्क्रू जातात. आधी १० मिलिमीटर व्यासाचे, दोन सूत खोल भोक पाडावे, ते स्क्रूचे डोके झाकणाऱ्या लाकडी बुचासाठी. त्याच्या मध्यातून वरच्या फळीत साडेचार मिलिमीटरचे आणि खालच्या लाकडात तीन मिलिमीटरचे भोक घ्यावे. स्क्रू वरच्या फळीत सैल फिरला आणि खालच्या लाकडात धरला, तरच सांधा आवळला जातो. आठ नंबरचे दोन इंची स्क्रू घ्यावेत आणि आटे कोरड्या साबणावर एकदा घासावेत.

सागवानात नैसर्गिक तेल असते, त्यामुळे सरस लावण्याआधी सांध्याच्या जागा स्पिरिटच्या फडक्याने पुसाव्यात. हे स्पिरिट विषारी असते, पाण्यासारखे दिसते आणि आपल्या घरांत पाण्याच्या बाटलीत भरून ठेवण्याची वाईट सवय आहे. ते मूळ डब्यातच ठेवावे आणि लगेच ट्रंकेत टाकावे. सरस लावून तुकडे बसवावेत, स्क्रू आवळावेत, क्लॅम्प लावावेत, गुण्याने काटकोन पाहावा, बाहेर आलेला सरस ओल्या फडक्याने पुसावा. बुचेही सरस लावूनच ठोकावीत. ती लाकडाच्या रेषेत फिरवून बसवली तर नंतर शोधावी लागतात. किमान चोवीस तास स्टूल कपाटावर ठेवावे. दुसऱ्या दिवशी बुचांची वर आलेली टोके पटाशीने सपाट करावीत.

जुलै-ऑगस्टमध्ये ही पायरी करू नये. दमट हवेत सरस फार हळू वाळतो आणि लाकूडही फुगलेले असते. कोकणात राहणाऱ्यांनी तर दिवाळीनंतरच काम हाती घ्यावे.

तेल आणि मेण

लाखेचे पॉलिश सुंदर दिसते, पण बेसिनजवळच्या स्टूलावर पाण्याचे पांढरे डाग पडतात. मी कच्चे जवसाचे तेल वापरते. ते हवेतील प्राणवायू घेऊन सुकते. खोबरेल आणि शेंगदाण्याचे तेल मात्र सुकत नाही, चिकट राहते. बाजारात ‘उकळलेले’ म्हणून मिळणाऱ्या जवस तेलात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात, ते मुलांच्या वस्तूला टाळावे. तेल फडक्याने पातळ लावावे, वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे आणि आठवडाभर थांबून दुसरा हात द्यावा. असे तीन हात पुरतात. महिना जातो खरा, पण प्रत्येक वेळी काम पाच मिनिटांचेच असते, त्यामुळे मुलाच्या झोपेची वाट पाहावी लागत नाही.

तेलाची फडकी चुरगळून कचऱ्यात टाकणे अत्यंत धोक्याचे आहे. सुकताना तेल उष्णता सोडते आणि बोळा झालेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पाण्यात बुडवावीत किंवा गॅलरीतल्या दोरीवर एकेक पसरून पूर्ण कडक वाळू द्यावीत.

शेवटी मधमाशांच्या मेणाचा हात मुलाला द्यायला सांगावा. सुती फडक्यावर वाटाण्याएवढे मेण द्यावे आणि बैठकीवर गोल गोल फिरवायला सांगावे. अडीच वर्षांच्या मुलालाही हे नीट जमते आणि ज्या ट्रंकेला हात लावायचा नाही असे त्याने महिनाभर ऐकले, तिच्यातून निघालेल्या वस्तूत त्याचाही हात लागतो.

वापरायला देण्याआधी मोठ्या माणसाने भिंतीचा आधार घेऊन स्टूलावर सावकाश उभे राहावे, वजन एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यावे आणि कुरकुर ऐकू येते का पाहावे. डुलत असेल तर सपाट फरशीवर कोणते टोक उचलले जाते ते कागदाचा तुकडा सरकवून शोधावे आणि न उचलल्या जाणाऱ्या, कोनाकोनी समोरासमोर असलेल्या दोन लांब टोकांवर रंध्याचा एकेक हात मारावा. पहिल्या पावसाळ्यात बुचे किंचित वर येतात. ती बोटाला लागू लागली की पॉलिश पेपरच्या तुकड्याने सपाट करून त्या जागी तेलाचा एक हात द्यावा. कापसाचा बोळा दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा फिरवावा, विशेषतः ज्या कडेवर मूल दात लावत असेल त्या कडेवर.